तीन दिवसांची मुंबई

शुक्रवारी एखादा सण यावा, त्यास शनिवार-रविवार लागून असावेत, आणि पुण्या-नाशकाकडील सुशिक्षित घरांत मुंबईचे नाव निघू नये, असे क्वचितच घडते. कोणा आप्ताकडे उतरावयाचे ते ठरते, आणि मग पाहावयाच्या स्थळांची यादी होऊ लागते. गेटवे ऑफ इंडिया, वस्तुसंग्रहालय, हँगिंग गार्डन, म्हातारीचा बूट, चौपाटी, राणीचा बाग, आणि सवड उरल्यास घारापुरी. जुन्या वतनाच्या सनदेप्रमाणे ही यादी बापाकडून मुलाकडे जाते, आणि सनदेप्रमाणेच तिच्यात सहसा कोणी हात घालीत नाही. परंतु इतिहासाच्या शिक्षकास कोणताही कागद हाती आला की, तो कोणी केला व कोणासाठी केला, हे विचारण्याची खोड असते.

यादीचा आरंभ गेटवेपासून का? पंचम जॉर्ज बादशहा १९११ च्या डिसेंबरात तेथील अपोलो बंदरावर उतरले, म्हणून. त्यांच्या आगमनाचे स्मारक असलेली ही कमान पुरी होऊन तिचे उद्घाटन झाले ते मात्र १९२४ साली. पुढे २८ फेब्रुवारी १९४८ रोजी ब्रिटिश फौजेची शेवटची तुकडी याच कमानीखालून बाहेर पडली. म्हणजे जे समुद्रावरून आले आणि समुद्रावरूनच गेले, त्यांच्या पायरीपासून ही यादी सुरू होते. राज्यकर्त्यांच्या दृष्टीने ते यथायोग्यच होते. परंतु आपण काही बोटीतून उतरत नाही. आपण घाट उतरून, कल्याण-ठाण्यावरून येतो. आपल्या घराचे दार सोडून पाहुण्याने शेजाऱ्याच्या दारातून आत शिरावे, तसा हा प्रकार आहे.

तीन दिवसांत मुंबई पाहून परतावयाचे, ही कल्पनाच मुळी फार जुनी नाही. बोरीबंदराहून ठाण्यास पहिली आगगाडी सुटली ती १६ एप्रिल १८५३ रोजी. परंतु बोरघाटाची चढण लोहमार्गाने जिंकली गेली ती १८६३ साली, आणि तेव्हा कोठे पुण्याचा मनुष्य मुंबईस एका दिवसात पोहोचू लागला. त्याच १८६३ साली गोविंद नारायण माडगावकर यांचे ‘मुंबईचे वर्णन’ प्रसिद्ध झाले. देवळे, मशिदी, बाजार, कारखाने, शाळा आणि नाना जातींचे लोक यांची हकीकत माडगावकरांनी सारख्याच आस्थेने दिली आहे. या नगरीत पाहण्यासारखे ते काय, याचा निर्णय एका मराठी ग्रंथकाराने स्वतःच्या डोळ्यांनी केला, याचे मला त्या पुस्तकात विशेष मोल वाटते. यादी करावयाची तर त्या वृत्तीने करावी.

माझी सूचना अशी आहे की, तीन दिवसांचा क्रम स्थळांच्या अंतरावरून न लावता नगरीच्या वयावरून लावावा. पहिला दिवस बेटांचा, दुसरा किल्ल्याचा, तिसरा गिरणगावाचा. घारापुरी या खेपेस सोडावी. लेणी अप्रतिम आहेत याविषयी दुमत नाही, परंतु जाण्यायेण्याची होडी आणि वरची चढण धरून ती एक संपूर्ण दिवस खातात. शिवाय ती मुंबईहून कितीतरी जुनी असून मुंबईविषयी फारसे काही सांगत नाहीत.

शुक्रवारी आरंभ करावा तो शीव येथून. इंग्रजांनी ज्याचे ‘सायन’ केले तो आपला शीव शब्द म्हणजे सरहद्द, आणि ते गाव खरोखरच सरहद्दीचे होते. बहादूरशहाकडून १५३४ साली पोर्तुगीजांना ही बेटे मिळाली. त्यांच्या राजकन्येच्या विवाहाच्या तहाने, १६६१ साली, ती इंग्रजांच्या राजाला देण्याचे ठरले. आणि राजाने ती १६६८ साली वर्षाला दहा पौंड खंडावर कंपनीला देऊन टाकली. पलीकडची साष्टी मात्र पोर्तुगीजांकडेच राहिली. पुढे १७३७ साली मराठ्यांनी ठाणे घेतले, १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली, आणि शीवच्या खाडीपलीकडे भगवा दिसू लागला. त्या धास्तीने मुंबईच्या व्यापाऱ्यांनी किल्ल्याभोवती खंदक खणण्यासाठी तीस हजार रुपयांची वर्गणी जमविली. शीवच्या टेकडीवरील लहानशा पडक्या गढीवर उभे राहिले असता हा सारा इतिहास एका दृष्टिक्षेपात मावतो. पुण्याहून येणारी गाडी या टेकडीच्या जवळून जाते आणि आतली मंडळी त्या वेळी बहुधा सामान खाली काढण्याच्या घाईत असतात.

तेथून महालक्ष्मीस यावे. देवीचे दर्शन तर घ्यावेच, परंतु तिच्या पायथ्याजवळचा रस्ताही पाहावा. आज तो लाला लजपतराय यांच्या नावाने ओळखला जातो. एकेकाळी येथे मुंबई व वरळी या बेटांमध्ये मोठे खिंडार होते आणि भरतीच्या वेळी समुद्र त्यातून आत शिरून मधला सारा सखल प्रदेश व्यापीत असे. पायधुणी म्हणजे चिखलपाण्यातून आलेल्या माणसाने पाय धुण्याची जागा, आणि उमरखाडीत तर खाडी अजून नावाने वाहते आहे. हॉर्नबी गव्हर्नर असताना, म्हणजे १७७१ ते १७८४ या काळात, हे खिंडार बांध घालून बुजविण्यात आले. बांध पुनःपुन्हा ढासळे. तेव्हा रामजी शिवजी नावाच्या प्रभू गृहस्थास दृष्टांत झाला, समुद्रातून देवीच्या मूर्ती वर काढण्यात आल्या आणि मग बांध टिकला, अशी आख्यायिका आहे. दुसरी आख्यायिका इंग्रजी घाटाची आहे: विलायतेहून काम थांबविण्याचा हुकूम आला असता हॉर्नबीने तो खिशात ठेवून काम पुरे केले. मला दुसरी गोष्ट पहिलीपेक्षाही अधिक चमत्कारिक वाटते. कंपनीच्या कारभारात असा बाणेदारपणा स्वप्नातही आढळणे कठीण. ते असो. बांधामुळे आतली दलदल हळूहळू सुकली, आणि त्या कोरड्या झालेल्या भुईवर पुढे भायखळा, ताडदेव, निजामाच्या मुलखातून आलेल्या कामाठी मजुरांचा कामाठीपुरा ही वस्ती झाली. तिसऱ्या दिवशी आपण या भुईवर येणार आहोत.

पहिल्या दिवसाची संध्याकाळ बाणगंगेच्या तळ्याकाठी घालवावी. तेथील वाळकेश्वराचे देऊळ पोर्तुगीजांच्या अमलात नष्ट झाले होते; ते १७१५ साली पुन्हा बांधविले रामा कामती या गौड सारस्वत धनिकाने. हा गृहस्थ लक्षात ठेवावा, कारण दुसऱ्या दिवशी तो आपल्याला किल्ल्यात पुन्हा भेटावयाचा आहे.

शनिवारी किल्ला. ‘कोटात जातो’ असे जुने मुंबईकर म्हणत, परंतु कोटाचा तट शोधू गेल्यास सापडत नाही. अपोलो, चर्च आणि बाजार हे त्याचे तीन दरवाजे होते. बार्टल फ्रियर गव्हर्नर असताना, १८६२ ते १८६७ या काळात, तट पाडण्यात आला आणि चर्च दरवाज्याच्या ठिकाणी १८६४ साली फ्लोराचे कारंजे उभे राहिले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातील हुतात्म्यांचे स्मारक त्याच चौकात आहे. गंमत अशी की, चर्चगेट हे नाव आता लांबच्या एका रेल्वे स्थानकाला चिकटून राहिले आहे. तेथे उतरणाऱ्यास चर्चही जवळ नाही आणि गेट तर नाहीच.

ते चर्च म्हणजे सेंट टॉमस. जेराल्ड ऑन्जियरच्या काळात त्याचा पाया घातला गेला, भिंती चाळीसेक वर्षे अर्धवट उभ्या राहिल्या, आणि पाद्री रिचर्ड कॉब याच्या खटपटीने ते १७१८ च्या नाताळात उघडले. त्या दिवशी कालचा आपला रामा कामती आपल्या जातबांधवांसह तेथे आला होता, आणि प्रार्थना संपेपर्यंत ही सारी मंडळी बाहेर उभी राहून ऐकत होती. हे खुद्द कॉबनेच नमूद केले आहे. हिंदू सावकाराने तीन वर्षांपूर्वी शिवालय उभारावे आणि मग राज्यकर्त्यांच्या देवळाच्या दाराशी आदराने तिष्ठावे! मुंबईचा पुढील दीडशे वर्षांचा सारा व्यवहार या एका चित्रात साठलेला आहे. परंतु चित्र येथे संपत नाही. दोनच वर्षांनी, १७२० साली, कान्होजी आंग्रे यांच्याशी गुप्त पत्रव्यवहार केल्याच्या आरोपावरून कंपनीने याच रामा कामतीस पकडले, त्याची मालमत्ता जप्त केली आणि त्याला कैदेत टाकले. तेथेच तो वारला. ज्या पत्रांवर हा खटला उभा होता ती बनावट होती, हे मागाहून उघडकीस आले. सेंट टॉमसच्या भिंतींवर कंपनीच्या अनेक सरदारांचे संगमरवरी लेख आहेत, आणि ते कोणीही वाचावेत. रामा कामतीचे स्मारक पाहावयाचे तर काल पाहिलेले ते देऊळच.

किल्ल्यातील उरलेल्या इमारतींची हकीकत मार्गदर्शक पुस्तकांत विपुल सापडते. एवढे ध्यानात असावे की, त्यांतील बहुतेक त्या तटाच्या जागेवर व त्यासमोरील मैदानाच्या कडेने उभ्या आहेत, आणि त्यांच्या मुळाशी कापसाचा पैसा आहे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालले, लँकेशायरला तिकडचा कापूस मिळेना, आणि मुंबईत सोन्याचा पाऊस पडला. युद्ध संपताच तो थांबला व शेकडो घरे बुडाली. राजाबाई टॉवर प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून त्यांच्या आईच्या नावाने बांधलेला आहे. तो १८७८ साली पुरा झाला. त्याचे नकाशे काढणाऱ्या गिल्बर्ट स्कॉटने हिंदुस्थानात कधी पाऊलही ठेवले नाही. बोरीबंदरचे स्थानक, म्हणजे आजचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, १८८८ साली पुरे झाले. सुटीमुळे न्यायालय, विद्यापीठ यांची दारे बहुधा बंद असतील; निघण्यापूर्वी चौकशी करावी. परंतु रस्ते मोकळे असल्यामुळे इमारती बाहेरून निवांत पाहता येतात, आणि कामाच्या दिवशी ते सुख कोणाला मिळत नाही.

आता रविवार. यादीत हा दिवस बागांना व बाजाराला दिलेला असतो. माझे म्हणणे असे की, तो परळ-लालबागला द्यावा, आणि याचे कारण खुद्द रविवारच आहे.

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली ताडदेवास कापडाच्या गिरणीचा उद्योग आरंभिला, आणि पुढील तीस-पस्तीस वर्षांत त्या बांधामागच्या सुकलेल्या भुईवर धुराड्यांचे रान माजले. कोकणातून, साताऱ्याकडून माणसे आली. काम सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत, आणि आठवड्याची हक्काची सुटी नाही. जोतीराव फुले यांचे अनुयायी आणि ‘दीनबंधु’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे स्वतः एका गिरणीत भांडारपाल होते. त्यांनी १८८४ साली परळास कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज केला. मागण्या पाहिल्या तर मन खिन्न होते: दर रविवारी सुटी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत, आणि काम करताना जायबंदी झालेल्यास बरा होईपर्यंत पगार. सहा वर्षे गेली. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीस सुमारे दहा हजार कामगारांची सभा भरली आणि तीत दोन स्त्रियांनी भाषणे केली. १८९० साली, दहा हजार पुरुषांपुढे, गिरणीतील बायका उभ्या राहून बोलल्या! अखेर त्या वर्षीच्या १० जून रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुटी मान्य केली, आणि पुढील वर्षाच्या फॅक्टरी कायद्याने आठवड्याच्या सुटीस सरकारी मान्यता मिळाली. लोखंडे १८९७ च्या प्लेगात वारले.

कचेऱ्यांना रविवारची सुटी अगोदरच होती, कारण साहेबाला चर्चला जावयाचे असे. ती कारकुनास आयती मिळाली; गिरणीकामगाराने ती मागून घेतली. रविवार हा खंडोबाचाही वार, ही गोष्ट साताऱ्याकडच्या माणसाला कोणी शिकवावी लागत नव्हती.

गिरणगावात आज पाहावयाचे काय? १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले, आणि त्यानंतर एकेक गिरणी मिटत गेली. त्यांच्या जागांवर उंच मनोरे आणि चकचकीत बाजार उभे आहेत. मधूनच एखादे धुराडे जुन्या दीपमाळेसारखे शिल्लक दिसते. ते पाहावे. लालबागच्या उरलेल्या चाळींवरून सावकाश चालत जावे, आणि घरातील मुलांना त्या दोन खणांच्या खोल्यांत पाळीपाळीने किती माणसे निजत असत, हे सांगावे. राणीच्या बागेत जावयाचेच असेल तर तेथील १८७२ साली उघडलेले वस्तुसंग्रहालयही पाहावे. १९७५ पासून ते डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या नावाने ओळखले जाते. जुन्या मुंबईचे नकाशे व प्रतिकृती तेथे आहेत, आणि दोन दिवस पायी तुडविलेली बेटे कागदावर ओळखू येऊ लागली की मुलांना मोठा आनंद होतो.

तिसरा दिवस इकडे ठेवण्यात एक व्यावहारिक सोयही आहे. घाटावर जाणाऱ्या बहुतेक गाड्यांसाठी परळाहून दादर जवळ. सुट्या संपण्याच्या संध्याकाळी तेथे फार गर्दी उसळते. म्हणून परतीचे आरक्षण जाण्याच्या आधीच करावे, आणि मुले बरोबर असल्यास सामान एकाच पिशवीत मावेल इतकेच न्यावे.