जीपची दोन तेले

कांदिवली पूर्वेला आकुर्ली रस्त्यावरचा महिंद्रचा कारखाना अनेकांना माहीत असेल. त्या भागातल्या एका गॅरेजमध्ये काही वर्षांपूर्वी एका जुन्या जीपचा गिअरबॉक्स उघडलेला मी पाहिला. मूळची ही जीप पेट्रोलची. मालकाने तिच्यात डिझेल इंजिन बसवून घेतले होते. 'आता इंजिन दणकट, तर तेलही भारी हवे,' म्हणून गिअरबॉक्समध्ये सर्वांत महागडे तेल भरले होते. तरीही गिअर टाकताना करकर आवाज येई. तेल परातीत काढले तेव्हा त्यात सोनेरी कण चमकत होते. मेकॅनिक म्हणाला, "साहेब, हे लोखंड नाही, पितळ आहे."

पितळ वयोमानानेही झिजते, हे खरे. पण या प्रकरणात महाग तेलावर संशय घ्यायला जागा होती. ती का, हे समजण्यासाठी आपल्याला शंभर वर्षे मागे जावे लागेल.

फ्रान्समध्ये १८९० च्या दशकात एमिल लव्हासोर यांनी सरकत्या दातेरी चाकांचा गिअरबॉक्स मोटारीत आणला. वेगवेगळ्या गतीने फिरणारी चाके एकमेकांत ढकलायची, म्हणजे दातांवर दात आपटणारच. यावर चांगला उपाय निघाला तो १९२८ च्या कॅडिलॅक मोटारीत. अर्ल थॉम्पसन या अमेरिकी अभियंत्याच्या 'सिंक्रोमेश' योजनेत दात अडकण्यापूर्वी दोन शंकूच्या आकाराचे भाग एकमेकांवर घासतात. त्या घर्षणाने दोघांची गती सारखी होते आणि मग दात अलगद बसतात. पुढे या कामासाठी पितळ किंवा कांस्य अशा तांब्याच्या मिश्रधातूंची कडी रूढ झाली. लक्षात घ्या, ही कडी घर्षणावरच चालते.

त्याच सुमारास मागच्या आसातही बदल झाला. इंजिनाकडून येणारा दांडा आसाच्या मध्यापेक्षा खाली जोडला, तर गाडीची बैठक खाली आणता येते. पॅकार्ड कंपनीने १९२० च्या दशकात अशी 'हायपॉइड' दातांची जोडी वापरात आणली. या जोडीत दात एकमेकांवर नुसते लोळत नाहीत, तर दाबाखाली घासत सरकतात. साध्या तेलाचा थर तेथे फाटतो आणि पोलाद पोलादाला चिकटू लागते. म्हणून तेलात गंधकाची आणि पुढे फॉस्फरसची संयुगे घालण्यात आली. तापलेल्या जागी गंधक लोखंडाशी संयोग पावून लोह सल्फाइडचा पातळ थर तयार करतो. दाताऐवजी तो थर झिजतो आणि दात वाचतो.

पण गंधकाची तांब्याशीही तितकीच मैत्री! तांब्यावर काळा सल्फाइड तयार होतो आणि कडी हळूहळू खाल्ली जाते. शिवाय फारच निसरड्या तेलात कडीला हवे ते घर्षण मिळत नाही. आता जीपकडे पाहा. तिच्या आसांत हायपॉइड दात आहेत, तर तीन गतींच्या जुन्या गिअरबॉक्समध्ये दुसऱ्या-तिसऱ्या गतीसाठी पितळी कड्या. एकाच गाडीला दोन वेगळी तेले लागतात ती यामुळे. डब्यावर 'जीएल-५' असेल तर ते तेल मुख्यतः हायपॉइड दातांसाठी असते. 'जीएल-४' मध्ये ही रसायने कमी असतात. आजच्या काही तेलांत तांब्याला जपणारी द्रव्येही घालतात, पण डब्यावर तसा उल्लेख नसेल तर ते गृहीत धरू नये. आणखी एक गैरसमज आकड्यांचा. गिअर तेलाचा '९०' आणि इंजिन तेलाचा '४०' या दोन निरनिराळ्या मोजपट्ट्या आहेत. त्या दोन तेलांची विष्यंदिता जवळपास सारखीच भरते.

इंजिन बदलण्याचा इतिहास तर कांदिवलीचाच आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर महिंद्र कंपनी मुंबईत विलीज जीप जोडू लागली. १९६३ मध्ये इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या सहकार्याने ट्रॅक्टरची कंपनी निघाली आणि कांदिवलीत बी-२७५ ट्रॅक्टर तयार होऊ लागला. त्याच घराण्यातले डिझेल इंजिन पुढे जीपमध्येही आले. डिझेल स्वस्त होते, त्यामुळे कित्येक मालकांनी आपल्या पेट्रोल जीपमध्ये डिझेल इंजिने बसवून घेतली. पण इंजिन बदलले तरी गिअरबॉक्स तोच राहतो, आणि तेल ठरते ते गिअरबॉक्सच्या धातूंवरून.

नव्या इंजिनाचा भार खरा पडतो तो क्लचवर. डिझेल इंजिनाचे धक्के जोरकस असतात. म्हणून क्लच प्लेटच्या स्प्रिंगा सैल झाल्या आहेत का, अस्तर रिवेटपर्यंत घासले आहे का, प्रेशर प्लेटवर उष्णतेचे निळे डाग आहेत का, बेअरिंग आवाज करते का, आणि इंजिन व गिअरबॉक्सचे दांडे एका रेषेत आहेत का, हे पाहावे लागते. तेलाचे सीलही तपासावे. गिअरबॉक्समध्ये जीव की प्राण असलेले तेल चार बोटे पुढे क्लचवर गळले की प्लेट घसरू लागते.

हे अस्तर साफ करताना मात्र जपा. इंग्लंडमध्ये हर्बर्ट फ्रूड यांनी १८९७ मध्ये सुरू केलेल्या उद्योगातून 'फेरोडो' अस्तरे आली आणि त्यांत पुढे अॅस्बेस्टॉस वापरात आला. आपल्या घाटकोपरच्या हिंदुस्तान फेरोडो कारखान्यातही अशी अस्तरे बनत. अॅस्बेस्टॉसची धूळ फुप्फुसात साचून कर्करोग होऊ शकतो. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अॅस्बेस्टॉस कामगारांच्या खटल्यात आरोग्याचा हक्क मूलभूत मानला. तरीही हवेच्या नळीने क्लचची धूळ उडवणारी मुले गॅरेजात दिसतात. जुने अस्तर ओल्या फडक्याने पुसावे, फुंकू नये, हे आपल्या विद्यार्थ्यांना जरूर सांगा. त्यांतले काही जण उद्या याच कामात असतील.

वर्गात एक प्रयोग करता येईल. तांब्याच्या दोन पट्ट्या घासून लख्ख करा. दोन परीक्षानळ्यांत दोन प्रकारची गिअर तेले घेऊन त्यांत त्या बुडवा आणि नळ्या तीन तास उकळत्या पाण्याच्या पात्रात ठेवा. मग पट्ट्या पुसून रंग ताडून पाहा. तेल कारखाने याच तत्त्वावर आपले तेल तपासतात.

त्या जीपमध्ये मेकॅनिकने कड्या नव्या घातल्या आणि तेल बेताचे भरले. करकर थांबली. महागड्या तेलाचा उरलेला डबा मालकाने मागच्या आसासाठी ठेवला. तेथे ते योग्यच होते.