गोंदियाहून जेद्दा : हवाई अंतर किती, वेळ किती?

उमराहला निघणाऱ्या घरांतून आम्हाला हमखास विचारलं जातं, "सर, अम्मीला विमानात किती तास बसावं लागेल?" एजंट सहा तास सांगतो, तिकिटावर वीस दिसतात. दोन्ही खरं असू शकतं.

आधी नकाशा बघा. गोंदिया २१.४६ अंश उत्तर अक्षांशावर, मक्का २१.४२ वर. म्हणजे जवळपास एकाच ओळीत! फरक आहे तो रेखांशाचा, सुमारे ४० अंशांचा. सरळ हवाई अंतर साधारण ४,१६५ किलोमीटर. मग किबला अगदी पश्चिमेला का नाही, असं वर्गात मुलं विचारतात. पृथ्वी गोल असल्यामुळे सर्वात जवळची वाट किंचित उत्तरेकडून जाते, म्हणून गोंदियात किबला पश्चिमेपासून सात-साडेसात अंश उत्तरेकडे येतो.

मक्केला विमान उतरत नाही, जेद्दाला उतरतं. नागपूर ते जेद्दा सुमारे ४,१०० किलोमीटर, हजच्या थेट विमानाला साडेपाच-सहा तास. मुंबई ते जेद्दा सुमारे ३,५०० किलोमीटर, पाच तासांच्या आसपास. जाताना वारा बहुतेक समोरून असतो, त्यामुळे येताना वेळ थोडा कमी लागतो.

आता गंमत बघा. नागपूरहून मुंबईमार्गे गेलात तर अंतर होतं सुमारे ४,२०० किलोमीटर, दोहामार्गे ४,१७०. म्हणजे वळसा शंभर किलोमीटरचाही नाही. वेळ जातो तो विमानतळावर बसण्यात. आमच्या मोहल्ल्यातल्या एका वयस्कर जोडप्याने स्वस्त तिकीट घेतलं आणि मधल्या विमानतळावर चौदा तास काढले. चाचांना शुगर, इन्सुलिन चेक-इनच्या बॅगेत गेलेली. तिकीट घेताना किमतीइतकंच मधल्या थांब्याकडे बघा, आणि औषधं हातातल्या पिशवीतच ठेवा.

बिरसीच्या धावपट्टीवरून १ डिसेंबर २०२३ पासून इंडिगोने हैदराबादची सेवा सुरू केली होती. हैदराबाद ते जेद्दा अंतर नागपूरइतकंच, सुमारे ४,१३० किलोमीटर. पण छोट्या विमानतळांची वेळापत्रकं बदलत राहतात, तेव्हा तारीख टाकून तपासूनच ठरवा. नाहीतर रेल्वेने नागपूर आहेच, १३० किलोमीटर, दोन-अडीच तास.

घड्याळाचा घोळही समजून घ्या. सौदीचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे. सकाळी १० ला निघालेलं विमान साडेपाच तासांनी उतरलं तर तिथे दुपारचा १ वाजलेला असतो, तिकिटावर तीनच तास दिसतात. परतताना उलट : तिथून १० ला निघून पाच तासांनी उतरलात की इथे संध्याकाळचे साडेपाच. गोळ्यांच्या वेळा मोजताना घड्याळावर जाऊ नका, दोन गोळ्यांमधले तास मोजा.

एहरामचं कापडही हातातल्या पिशवीत असू द्या. मीकात जेद्दा यायच्या आधीच, हवेतच, ओलांडला जातो. विमानात घोषणा होते, पण तेव्हा बाथरूमसमोर रांग लागलेली असते. जेद्दाहून मक्का पुढे रस्त्याने ८० किलोमीटरच्या आसपास.