पट्ट्याची कळ

सोलापूरहून हैदराबादेस जाणारा राजमार्ग बसवकल्याण व हुमनाबाद या तालुक्यांतून जातो. या वाटेने भाड्याच्या मोटारीतून जाताना एक चमत्कार मी पुष्कळदा पाहिला आहे. चालकाच्या छातीवर पट्टा नाही, आणि तरीही मोटार गप्प! पट्टा त्याने आपल्या पाठीमागून नेऊन खाचेत अडकविलेला असतो. यंत्राला फसविणे इतके सोपे का, हे समजून घ्यायचे तर त्या खाचेतील कळीकडे वळले पाहिजे.

तीन ठिकाणी बांधला जाणारा आजचा पट्टा स्वीडनमधील व्होल्वो कंपनीचे अभियंते निल्स बोहलीन यांनी १९५९ साली सिद्ध केला. कंपनीने तो इतरांनाही मोकळा ठेवला, हे तिचे औदार्यच म्हटले पाहिजे. परंतु पट्टा असणे निराळे आणि तो बांधणे निराळे. म्हणून मोटारीनेच आठवण द्यावी अशी युक्ती निघाली. पट्ट्याची धातूची जीभ खाचेत शिरली की आतील एक सरकता तुकडा ढकलला जातो. काही मोटारींत त्याने साधी कळ दाबली जाते. काहींत त्या तुकड्यावर लोहचुंबक असतो, आणि तो हलला की काचेच्या नळीतील दोन नाजूक पात्या जुळतात वा विलग होतात. ही नळी अमेरिकेच्या बेल टेलिफोन प्रयोगशाळेत वॉल्टर एलवुड यांनी १९३६ साली शोधली होती. बैठकीतील दाबाची चटई माणूस बसल्याची वर्दी देते. माणूस आहे आणि जीभ खाचेत नाही, एवढे जुळले की घंटा वाजू लागते. पट्टा छातीवरून गेला की पाठीमागून, हे मात्र बिचाऱ्या कळीला कळत नाही.

अमेरिकेने याहून कडक उपाय करून पाहिला. १९७४ सालच्या नमुन्याच्या मोटारी पट्टा बांधल्याखेरीज सुरूच होत ना. शेजारच्या बैठकीवर बाजाराची पिशवी ठेवली तरी मोटार अडून बसे. लोक इतके संतापले की त्याच वर्षी तेथील काँग्रेसने कायदा करून ती सक्ती उठविली आणि घंटेलाही आठ सेकंदांची मर्यादा घातली!

आपल्या देशात १ जुलै २०१९ पासून बनणाऱ्या मोटारींत चालक व त्याच्या शेजारच्या बैठकीसाठी ही घंटा आवश्यक झाली. पाठीमागे बसणाऱ्यानेही पट्टा बांधावा असा नियम असला, तरी तो पाळतो कोण? ३ जून २०१४ रोजी दिल्लीत मोटार-अपघातात गोपीनाथ मुंडे गेले. ते मागील बैठकीवर होते. पट्टा बांधला असता तर ते वाचले असते, असे तेव्हाचे आरोग्यमंत्री डॉ. हर्षवर्धन म्हणाले. बीड आमच्यापासून दूर नाही. तो दिवस इकडील गावांनाही आठवतो. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्री गेले, तेही पाठीमागेच, पट्ट्यावाचून.

यानंतर सरकारचे लक्ष खोट्या जिभांकडे गेले. पट्टा नसलेली नुसती धातूची जीभ खाचेत खुपसली की घंटा बंद, आणि अशा जिभा उघड विकल्या जात होत्या. मे २०२३ मध्ये ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच विक्री-संकेतस्थळांना आदेश दिले; तेथून अशा १३,११८ जाहिराती काढल्या गेल्या.

आमच्या चालकाला मी एकदा विचारले, तर तो हसून म्हणाला, "गुरुजी, ते फार कलकल करतं हो. पोलीस दिसला की पुढून घेतो की."