पाली: गाव, तालुका, शहर आणि दाद मागायची जागा



आजचा विषय तसा बातम्यांमधला आहे, पण आपण त्याच्याकडे इतिहासाच्या वाटेनं जाणार आहोत. पाली म्हटलं की बहुतेकांना बल्लाळेश्वर आठवतो, मागे उभा असलेला सरसगड आठवतो. सुधागड तालुक्याचं मुख्यालय म्हणून पाली कुणाला चटकन आठवत नाही. आणि पाली हे आता कायद्याच्या भाषेत शहर आहे, हे तर फारच थोड्यांना ठाऊक असतं.

पाली नगरपंचायतीची पहिली निवडणूक डिसेंबर २०२१ मध्ये लागली. मतदान दोन हप्त्यांत झालं. २१ डिसेंबरला काही प्रभाग, १८ जानेवारी २०२२ ला उरलेले, आणि मोजणी १९ जानेवारीला. असं का झालं? कारण दिल्लीत आहे. स्थानिक स्वराज्य संस्थांमधल्या ओबीसी आरक्षणासाठी सर्वोच्च न्यायालयानं तीन अटी घातल्या होत्या. त्यासाठी स्वतंत्र आयोग नेमावा, प्रत्येक संस्थेपुरतं प्रमाण आकडेवारीवरून ठरवावं, आणि एकूण आरक्षण ५० टक्क्यांच्या वर जाऊ नये. या अटी २०१० च्या घटनापीठाच्या निकालातल्या. मार्च २०२१ मध्ये विकास गवळी प्रकरणात न्यायालयानं त्या महाराष्ट्राला लागू केल्या. राज्यानं अध्यादेश काढला, डिसेंबरात त्याला स्थगिती मिळाली, आणि १५ डिसेंबरला आदेश आला की त्या जागा खुल्या धरून निवडणूक घ्या. मतदान सहा दिवसांवर होतं! हा घोळ राज्यभरच्या नगरपंचायतींत झाला, पण पालीकरांच्या वाट्याला तो पहिल्याच निवडणुकीत आला.

आता आरक्षणाचा वाद हा स्वतंत्र व्याख्यानाचा विषय आहे, त्यात आज शिरत नाही. आपला प्रश्न साधा आहे. नळाला गढूळ पाणी आलं, गटार तुंबलं, रस्ता खचला, तर पालीच्या माणसानं आजवर जायचं कुठं? दाद कुणाकडे मागायची? गेल्या शंभर वर्षांत या प्रश्नाचं उत्तर चार-पाच वेळा बदललं आहे.

पहिलं उत्तर होतं भोर. १९४८ पर्यंत सुधागड तालुका भोर संस्थानात होता. शंकराजी नारायण सचिवांच्या घराण्याचं, म्हणजे पंतसचिवांचं हे संस्थान. तालुक्यांची नावं बघा: विचित्रगड, राजगड, प्रचंडगड, सुधागड. सगळी गडांवरून. पण राजधानी भोर घाटावर आणि सुधागड घाटाखाली, कोकणात. मधे सह्याद्रीची भिंत. सचिवांची भोराई देवी सुधागडावर आहे, त्यांचा वाडाही तिथं आहे, त्यामुळे दरबाराचं या भागाशी नातं जिव्हाळ्याचं होतं. पण रोजच्या कारभाराचा शेवटचा शब्द घाटावरचा. सवाष्णीच्या घाटासारख्या वाटा चढून जायचं, तेव्हा कुठे मावळ लागायचा.

त्याच काळात शेजारी काय चाललं होतं? पनवेलला १८५२ पासून नगरपालिका होती. महाडलाही नगरपालिका होती, आणि तिची गोष्ट तुम्हाला माहीत आहे. पण ती आपण बहुधा फक्त सत्याग्रहाची गोष्ट म्हणून सांगतो. आज जरा कारभाराची गोष्ट म्हणूनही बघू. १९२३ मध्ये सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात मंजूर झाला, की सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले असावेत. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनं तसा ठराव केला. कागद तयार झाला. पण तळ्यावर कुणी जाऊ शकलं नाही. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांसह चवदार तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. मग काय झालं? ऑगस्ट १९२७ मध्ये त्याच नगरपालिकेनं आपला ठराव मागे घेतला. पुढे कोर्टकचेरी, आणि मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल लागला १९३७ मध्ये.

यातून काय दिसतं? पाण्याचा ठराव होणं आणि पाणी मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. संस्था जवळ असली म्हणजे न्याय मिळतोच असं नाही. पण संस्था होती म्हणून तिला जाब विचारता आला, तिचा ठराव हातात धरून तळ्यावर जाता आलं, कोर्टात लढता आलं. हा मुद्दा लक्षात ठेवा.

आता परत पालीला येऊ. ८ मार्च १९४८ ला भोरसह दक्षिणेतली संस्थानं मुंबई राज्यात विलीन झाली. सुधागड कुलाबा जिल्ह्यात आला. दाद मागायची जागा घाटावरून उतरली आणि समुद्राकाठी अलिबागला गेली. १९५८ चा ग्रामपंचायत कायदा आला, १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा सुरू झाल्या, १ जानेवारी १९८१ ला कुलाब्याचा रायगड झाला. जुलै १९८९ मध्ये अंबा नदीच्या पुरानं याच तालुक्यातलं जांभूळपाडा आणि खालच्या अंगाचं नागोठणे उद्ध्वस्त केलं, तेव्हा मदतीसाठी डोळे लागले ते अलिबाग-मुंबईकडेच.

आणि मग शहर होणं. २०१४ मध्ये राज्य सरकारनं धोरण ठरवलं, की तालुक्याच्या मुख्यालयाच्या ग्रामपंचायती नगरपंचायती कराव्यात. पालीत ते मतपेटीपर्यंत यायला २०२१ उजाडलं. यात चांगलं खूप आहे. पूर्णवेळ मुख्याधिकारी मिळतो, नगरविकासाचा निधी मिळतो, घनकचरा आणि बांधकाम परवानगी यांचा कारभार गावातच होतो. पालीला हे हवंच होतं. इथली लोकसंख्या जनगणनेत एक दिसते आणि अंगारकीला, माघी गणेशोत्सवात दुसरीच. वाकण-खोपोली रस्ता गावाला लागून. मुंबई-गोवा महामार्ग तुंबला की वाहनांचा लोंढा इकडून, बाह्यवळण रस्त्याची मागणी जुनी. पावसाळ्यात अंबेच्या पुलावर पाणी चढलं की सगळंच ठप्प. आणि ज्या अंबेचं पाणी गाव पितं, ते शुद्ध करून द्या, ही मागणी तर वर्षानुवर्षांची. एवढा बोजा ग्रामपंचायतीनं कसा पेलायचा?

पण मंडळी, या बदलात एक गोष्ट हातची गेली, आणि तिच्याबद्दल फारसं कुणी बोललं नाही. ती म्हणजे ग्रामसभा. ७३ व्या घटनादुरुस्तीनं गावाला ग्रामसभा दिली. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. खुर्च्या कमी पडतात, वादावादी होते, कधी कोरम नसतो, सगळं मान्य. तरीही तिथं कुठलाही मतदार, निवडून न आलेला, उभा राहून विचारू शकतो, की पाण्याच्या योजनेचं काय झालं? आणि ते इतिवृत्तात लिहावं लागतं. ७४ व्या घटनादुरुस्तीनं शहरांना काय दिलं? प्रभाग समिती, तीही तीन लाख किंवा त्याहून जास्त लोकवस्तीच्या शहरांना. पालीसारख्या छोट्या शहराचा तिथं विचारच नाही. नगरपंचायतीच्या सभेत बोलतात ते नगरसेवक. बाकीच्यांनी अर्ज द्यायचा आणि पोच घ्यायची.

म्हणजे बघा, भोर, अलिबाग असं करत दाद मागायची जागा शेवटी आपल्या दाराशी आली, आणि नेमकं तेव्हाच उभं राहून बोलायचा हक्क कमी झाला.

म्हणून पुन्हा ग्रामपंचायत करा, असं आम्ही म्हणत नाही. महाडच्या लोकांनी नगरपालिका बंद करा असं म्हटलं नव्हतं, तिच्या ठरावाची अंमलबजावणी मागितली होती. छोट्या शहरांतल्या प्रत्येक प्रभागात वर्षातून निदान दोनदा मतदारांची सभा व्हावी, तिचं इतिवृत्त लिहिलं जावं आणि ते नगरपंचायतीपुढे ठेवलं जावं. कायद्यात सुधारणा होईल तेव्हा होईल. नगरसेवकानं आपल्या प्रभागात असं करायला आज कुणाची ना नाही, आणि मतदारांनी ते मागायलाही नाही.

रायगडमध्ये अशा आणखीही नगरपंचायती आहेत: खालापूर, माणगाव, तळा, म्हसळा, पोलादपूर. तुम्ही त्यांपैकी कुठे राहत असाल, तर तुमच्या प्रभागात शेवटची अशी सभा कधी झाली, हे एकदा नगरसेवकांना विचारून बघा. उत्तर काय मिळालं ते पुढच्या व्याख्यानाच्या वेळी सांगा, तिथूनच सुरुवात करू.