वीतकोवित्से : भट्टीने वसवलेलं गाव

आज आपण जाणार आहोत चेक प्रजासत्ताकात, पोलंडच्या सीमेजवळच्या ओस्त्रावा शहरात. या शहराचे 23 प्रशासकीय विभाग आहेत. त्यांतला एक वीतकोवित्से.

इथला इतिहास जमिनीखाली सुरू होतो. पायाखाली दगडी कोळसा, शेजारी ओस्त्रावित्से नदी. 1828 मध्ये ओलोमोउत्सचे आर्चबिशप रुडॉल्फ यांनी इथे लोखंडाचा कारखाना काढला. 1836 मध्ये कोकवर चालणारी झोतभट्टी पेटली. त्याच सुमारास व्हिएन्नाहून उत्तरेकडे रेल्वे निघत होती आणि तिला रूळ हवे होते. त्या रेल्वेत पैसा घालणाऱ्या रोथशील्ड घराण्याने 1843 मध्ये हा कारखानाच विकत घेतला. पुढे खाण, कोकभट्ट्या आणि झोतभट्ट्या एकमेकींना खेटून उभ्या राहिल्या. वाहतुकीचा खर्च वाचला.

1876 मध्ये पाउल कुपेलविझर संचालक झाले. त्यांच्या काळात कारखान्याने कामगारांसाठी घरं, रुग्णालय, बाजार उभारला. सोय मोठी होती. पण पगार देणारा आणि घरमालक एकच असला, की नोकरीबरोबर छप्परही धोक्यात येतं. 1924 मध्ये हे गाव ओस्त्राव्यात सामील झालं.

1998 मध्ये इथल्या भट्ट्या विझल्या. त्या भंगारात न काढता जपल्या गेल्या. जुन्या वायुटाकीत 2012 मध्ये सभागृह सुरू झालं. ते गावाला नवी ओळख देतं. पण हजारो हातांना रोजचं काम देणं, हा प्रश्न सभागृहापेक्षा मोठा आहे.