कंबरदुखीच्या उपचारात शब्दांचे महत्त्व

कंबरदुखी ३ महिन्यांहून जास्त काळ राहिली, तर तिला जुनाट कंबरदुखी म्हणतात. बहुतेक रुग्णांत तिचे एकच नेमके कारण सापडत नाही. अशा दुखण्यावर औषध आणि व्यायामासोबत इतर गोष्टींचाही परिणाम होतो: डॉक्टर काय व कसे सांगतात, तुमचे किती ऐकून घेतात, तुमचा आधीचा अनुभव आणि उपचाराकडून असलेली अपेक्षा.

भीतीने दुखणे वाढते
‘मणके झिजलेत’, ‘गादी सरकली आहे’ असे ऐकल्यावर अनेकजण वाकणे, चालणे टाळतात. मग स्नायू अशक्त होतात आणि दुखणे वाढते. पण २०१५ च्या एका मोठ्या आढाव्यात कंबर न दुखणाऱ्या लोकांतही २० व्या वर्षी सुमारे ३७ टक्के आणि ८० व्या वर्षी ९६ टक्के जणांच्या गाद्या झिजलेल्या आढळल्या. त्यामुळे रिपोर्टमधील प्रत्येक बदल हे दुखण्याचे कारण असतेच असे नाही.

विश्वासाने आराम मिळतो
पोर्तुगालमध्ये जुनाट कंबरदुखीच्या रुग्णांना ‘या गोळीत औषध नाही’ असे स्पष्ट सांगून, ती नेहमीच्या उपचारांसोबत ३ आठवडे दिली. त्यांचे दुखणे सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाले. फक्त नेहमीचे उपचार घेणाऱ्यांचे ९ टक्क्यांनी. हा अभ्यास लहान होता. म्हणून चालू औषधे स्वतःहून बंद करू नका. तसेच दुखणे ‘मनाचे खेळ’ आहे, असाही याचा अर्थ नाही.

उपचार करणाऱ्यांना काय वाटते?
इटलीतील फिजिओथेरपिस्टच्या सर्वेक्षणात अनेकांनी या गोष्टींचा वापर करत असल्याचे सांगितले. सिद्ध उपचारांना जोड म्हणून तो योग्य, पण रुग्णाची फसवणूक होत असेल तर अयोग्य, असे त्यांचे मत होते.

डॉक्टरांना हे विचारा
• रिपोर्टमधील हा बदल माझ्या वयात नेहमी दिसतो का?
• मी कोणत्या हालचाली निर्धास्तपणे करू शकतो किंवा शकते?
• किती दिवसांत, किती फरक अपेक्षित आहे?

मनातली भीतीही मोकळेपणाने सांगा.

त्वरित रुग्णालयात जा
लघवी किंवा शौचावरील ताबा जाणे, जांघेत किंवा गुदद्वाराभोवती बधिरता, पायातील ताकद कमी होणे, कंबरदुखीसोबत ताप किंवा मोठ्या अपघातानंतरचे दुखणे असल्यास थांबू नका. कारण नसताना वजन घटत असेल किंवा पूर्वी कर्करोग झाला असेल, तर डॉक्टरांना लवकर दाखवा.