चाकांवरची चूल

भाच्याने इंग्लंडात एक जुनी व्हॅन घेतली आहे. तिचं मोटरहोम, म्हणजे चाकांवरचं बिऱ्हाड, करायचं चाललं आहे. परवा फोनवर विचारत होता, "मामा, ओट्यावर गॅस बसवू की इंडक्शन?" इतिहासाच्या मास्तरला असलं काही विचारू नये. उत्तर १८८५ पासून सुरू होतं!

त्या साली गॉर्डन स्टेबल्स यांनी ब्रिस्टलच्या कारखान्यात 'वाँडरर' नावाची गाडी बांधून घेतली. आरमारातले माजी डॉक्टर, मुलांसाठी साहसकथा लिहिणारे गृहस्थ. हौसेच्या भटकंतीसाठी मुद्दाम बांधलेलं हे पहिलं फिरतं घर मानतात. ओढायला दोन घोडे, वजन सुमारे दोन टन, आणि सगळी कारागिरी लाकडाची. आता लाकडी पेटीत विस्तव ठेवायचा कसा? स्टेबल्सनी रिपिंगिल बनावटीची तेलाची शेगडी निवडली. ठिणग्या नाहीत, राख नाही. ती घेऊन स्वारी पार स्कॉटलंडात इन्व्हर्नेसला पोचली. १८८६ सालच्या त्यांच्या पुस्तकात तेराशे मैलांचा हा प्रवास आहे.

वातीच्या शेगडीला आच बेताची आणि काजळी फार. त्यावर तोड निघाली १८९२ मध्ये, स्वीडनच्या फ्रान्स लिंडक्विस्टच्या प्रायमसने. रॉकेल दाबाने वर चढवायचं, तापल्या नळीत त्याची वाफ करायची आणि ती वाफ जाळायची. १८९५ साली नान्सेन उत्तर ध्रुवाकडे निघाला तेव्हा बर्फ वितळवायला त्याच्यापाशी प्रायमसच होता. आमच्या पिढीला काकडा, पिन, पंप हे काय सांगायला हवं? यात्रेच्या सामानात स्टो पहिला बांधला जाई. पण 'स्टोचा भडका' ही बातमीही वरचेवर वाचायला मिळे, आणि ते सगळेच अपघात नसत. असो.

मग आला सिलिंडरचा गॅस. आच हवी तशी, काजळी नाही. पण हा गॅस हवेपेक्षा जड. गळला तर खाली साचतो, म्हणून गाडीत सिलिंडरच्या कपाटाला तळाशी भोक लागतंच. शिवाय ब्यूटेन शून्य अंशाच्या आसपास वाफ व्हायचा थांबतो, तेव्हा थंडीत प्रोपेनच हवा.

इंडक्शनचा हिशोब मी पाटीवर मांडून पाहिला. १२ व्होल्ट, १०० अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे १२०० वॉट-अवर. २००० वॉटची शेगडी ती ३६ मिनिटांत रिकामी करील, तेही कागदावर. वरण-भात होईल, पोळ्या राहतील! मोठी बॅटरी परवडत असेल किंवा मुक्कामी वीज मिळणार असेल, तर इंडक्शन खुशाल घ्यावं.

माझं मत गॅसला, दोन बर्नर पुरेत. मात्र दोन्ही पोरं चुलीपासून हातभर अंतरावर झोपणार आहेत. तेव्हा कार्बन मोनॉक्साइडचा भोंगा आधी, भांडी मागून. आणि थंडी वाजते म्हणून बर्नर पेटवून बसायचं नाही, हे सूनबाईंना वेगळं सांगितलं आहे.

फ्रीजही गॅसवर चालतो, बरं का! १९२२ मध्ये स्टॉकहोमच्या दोन विद्यार्थ्यांनी, फोन प्लाटेन आणि मुंटर्स यांनी, ही युक्ती काढली. ज्योतीच्या उष्णतेवर थंडावा, आत मोटर नाही. फक्त गाडी सपाट जागी उभी हवी. उतारावर मुक्काम केला की दही आंबणार.